दुबळ्या हृदयाचा सोबती

इंदूरच्या रेल्वे स्थानकालगतचे सियागंज म्हणजे किराण्याची घाऊक पेठ. हळद, धणे, जिरे, सुक्या मिरच्या, सुका मेवा यांची पोती व खोकी येथे दिवसभर उतरत असतात. हमालांच्या हाका आणि हातगाड्यांचा खडखडाट यांची सवय नसलेला पाहुणा येथे आला, की पहिल्या पाच मिनिटांत त्याला एक तरी शिंक यावयाचीच. अशा पेठेत राहणाऱ्या घरातील कुत्रा रात्री-बेरात्री खोकू लागला, तर त्याचे कारण मिरचीच्या धुरळ्यात शोधले जावे, हे साहजिकच होय. आमच्या माडीवरील अकरा वर्षांच्या 'मोती'विषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हेच निदान केले होते. कोणी मध-हळद सुचविली, कोणी वेखंड. पशुवैद्यांनी मात्र छातीला नळी लावून बराच वेळ कान दिला आणि मग शांतपणे सांगितले की, दोष घशात नाही, हृदयात आहे.

कुत्र्यालाही हृदयविकार होतो, हे ऐकून आपल्याकडे अजूनही अनेक जण हसतात. परंतु मुंगीहून मोठ्या कोणत्याही प्राण्याचे आयुष्य ज्या यंत्रावर चालते, ते यंत्र झिजणारच. वाडीवर राखणीला ठेवलेला कुत्रा म्हातारपणी 'दमेकरी' झाला, असे म्हणून आपण त्याला ओसरीच्या कोपऱ्यात सोडून देतो. त्यांतील कित्येकांचा दमा हा दमा नसून थकलेले हृदय असते. अशा कुत्र्यासह घर कसे चालवावे, यासंबंधी जे पक्के कळलेले आहे तेवढे येथे मांडतो. औषधाचा निर्णय अर्थात आपल्या पशुवैद्यांचाच.

प्रथम विकार कोणता ते पाहू. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या हृदयालाही चार कप्पे असतात. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येते, तेथून खालच्या कप्प्यात उतरते, आणि तो खालचा कप्पा आकुंचन पावला की ते सर्व शरीरात ढकलले जाते. या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. रक्ताला खाली जाऊ द्यावयाचे, वर परतू द्यावयाचे नाही, एवढेच तिचे काम. विहिरीवर पंप बसविलेल्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पंप चालतो, विजेचे बिल येते, पण पाणी पाटात न पोहोचता पुन्हा विहिरीत उतरते. कुत्र्याच्या वाढत्या वयात ही झडप जाड व वेडीवाकडी होऊ लागते आणि प्रत्येक ठोक्यागणिक थोडे रक्त मागे फिरते. त्या मागे फिरणाऱ्या रक्ताचा जो 'फुस्स' असा आवाज नळीतून ऐकू येतो, त्याला डॉक्टर 'मर्मर' म्हणतात व त्याच्या जोरावरून त्याला एक ते सहा असा अंक देतात. पुढे वरचा कप्पा फुगतो, श्वासनळीखाली दाब येऊन खोकला सुरू होतो, आणि शेवटी मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुप्फुसांत झिरपू लागते. कुत्र्यांतील हृदयविकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ह्या झडपेचेच असतात. पॉमेरेनियन, डॅशहुंड यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत तो विशेष आढळतो.

मोठ्या कुत्र्यांची तऱ्हा निराळी. डॉबरमनसारख्या जातींत झडप चांगली असते, पण हृदयाचा स्नायूच पातळ व ढिला पडतो. असा कुत्रा कधी कधी कोणतीही सूचना न देता कोसळतो. तिसरा प्रकार डासांमार्फत पसरणाऱ्या कृमींचा. त्या कृमी हृदयाच्या उजव्या बाजूस व फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतात. माणसांत ज्याला 'हार्ट अटॅक' म्हणतात, म्हणजे हृदयाला रक्त पुरविणारी नळी चरबीने बंद होणे, तो प्रकार मात्र कुत्र्यांत क्वचितच. तेव्हा 'तूप खाऊ घातले म्हणून असे झाले' ही जी बोलणी घरातील एखाद्या आजीला ऐकावी लागतात, ती अगदी अन्यायाची आहेत.

निदान नळीने होते, पण विकार किती पुढे गेला आहे हे क्ष-किरणांच्या चित्रावरून व हृदयाच्या सोनोग्राफीवरून कळते. ठोक्यांच्या तालात बिघाड असेल तर विद्युत्-आलेख काढतात. ह्या आलेखाच्या इतिहासात एका कुत्र्याचा मोठाच वाटा आहे. १८८७ साली लंडनमध्ये डॉ. ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत्-आलेख काढला. पुढे हा प्रयोग ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगवर जाहीरपणे करून दाखवीत. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावयाचे, तारा जोडावयाच्या, आणि तो बिचारा निवांत उभा राहावयाचा. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाल्यावर कुत्र्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात निघाला! खाऱ्या पाण्यात पाय बुडविण्यापलीकडे त्याला काहीच सोसावे लागत नाही, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. आज माणसांच्या दवाखान्यात जो लांब कागद आपल्या हाती येतो, त्याच्या मागे जिमीची ही उभी राहण्याची चिकाटी आहे.

निदान ऐकून घरी परतताना मनुष्य एकच प्रश्न विचारतो: किती दिवस? याचे उत्तर विकाराच्या पायरीवर अवलंबून आहे. मर्मर आहे, पण हृदय फुगलेले नाही, अशी पहिली पायरी असते. तेथे औषध लागत नाही, फक्त अधूनमधून तपासणी. अनेक कुत्री याच पायरीवर वर्षानुवर्षे राहून दुसऱ्याच कारणाने म्हातारपणी जातात. दुसऱ्या पायरीवर हृदय मोठे झालेले असते, पण कुत्रा हिंडता-फिरता व खाता-पिता असतो. याच पायरीविषयी २०१६ साली एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. अकरा देशांतील ३६० कुत्र्यांपैकी निम्म्यांना पिमोबेंडान हे औषध देण्यात आले, निम्म्यांना नाही. औषध मिळालेल्या कुत्र्यांत हृदय हार खाण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे गेली. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तिसरी पायरी फुप्फुसांत पाणी होण्याची. येथे पिमोबेंडानच्या जोडीला पाणी उतरविणारी फ्युरोसेमाइडची गोळी आणि बहुधा आणखी एक-दोन गोळ्या जन्मभर द्याव्या लागतात. अशा कुत्र्याचे पुढचे आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावे लागते. कोणी वर्ष-दीड वर्षही काढतो. चौथ्या पायरीवर नेहमीची औषधे अपुरी पडतात.

म्हणजे बरे होणे हा शब्द येथे नाही. जपानमध्ये योकोहामा येथे डॉ. मासामी उएची हे कुत्र्यांच्या ह्या झडपेवर शस्त्रक्रिया करून ती दुरुस्त करतात, हे खरे. पण त्याचा खर्च व प्रवास सामान्य कुटुंबाच्या कल्पनेबाहेरचा. आपल्या हाती आहे ते राखणे, आणि राखण्याचे सर्वांत मोठे साधन फुकट आहे. ते म्हणजे झोपेतील श्वास मोजणे.

सियागंजात सगळेच काही ना काही मोजत असतात. आमच्या घरी रात्री दहानंतर श्वास मोजले जातात. रीत अशी. कुत्रा गाढ झोपला असता, त्याच्या अंगाला हात न लावता, त्याच्या बरगड्यांकडे पाहावे. बरगडी वर गेली व खाली आली म्हणजे एक श्वास. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावी. निरोगी किंवा औषधाने सावरलेल्या कुत्र्याचा आकडा मिनिटाला तिसाच्या आत असतो. पुष्कळांचा पंधरा ते पंचवीस. स्वप्नात पाय हलवीत असेल, उन्हाने धापा टाकीत असेल, नुकताच जिना चढून आला असेल, तर तो आकडा धरू नये. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहावा. आठ-दहा दिवसांत आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळून येतो. मग तो एके रात्री तिसाच्या वर गेला व तासाभराने पुन्हा मोजूनही वरच राहिला, किंवा तिसाच्या आत असूनही नेहमीपेक्षा चांगलाच वाढत चालला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. फुप्फुसांत पाणी साचू लागले की खोकला वाढण्यापूर्वी, खाणे सुटण्यापूर्वी, हा आकडा बोलू लागतो. वेळीच गोळीत बदल झाला तर मध्यरात्रीची धावपळ टळते.

हे काम घरातील मुलांकडे सोपवावे, असे मला वाटते. आमच्याकडे नऊ वर्षांची धाकटी ही वही सांभाळते. मोठी माणसे दोन दिवस मोजतात आणि तिसऱ्या दिवशी 'काल होता तेवढाच असेल' म्हणून सोडून देतात. मुले तसे करीत नाहीत.

औषधाच्या वेळा पाळणे हे दुसरे काम. पिमोबेंडान दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने आणि शक्यतो जेवणापूर्वी तासभर द्यावे; भरल्या पोटी ते अंगी कमी लागते. फ्युरोसेमाइड दिल्यावर कुत्रा पुष्कळ पाणी पितो आणि पुष्कळदा मुततो. रात्री घर ओले होते म्हणून कोणी पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. हे सर्वस्वी वर्ज्य. पाणी सदैव समोर हवे, नाहीतर मूत्रपिंडे धोक्यात येतात. फार तर संध्याकाळच्या गोळीची वेळ थोडी अलीकडे घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे व निजण्यापूर्वी एकदा बाहेर न्यावे. ही औषधे चालू असता मधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंडांचे काम पाहावे लागते. आणि अंगदुखीची म्हणून घरातील माणसांची कोणतीही गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे त्याला एरव्हीही घातक, आणि ह्या गोळ्यांबरोबर तर दुप्पट.

येथे खेड्यांतील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुत्रा मलूल झाला, जेवेना, की 'सलाईन लावा' असा आग्रह आपण धरतो. दुबळ्या हृदयाच्या कुत्र्याला भराभर चढविलेले सलाईन थेट फुप्फुसांत उतरू शकते. नेहमीचे डॉक्टर नसतील आणि दुसऱ्या कोणाकडे जावे लागले, तर दारातच सांगावे: याला हृदयविकार आहे, या गोळ्या चालू आहेत. औषधांची चिठ्ठी गळपट्ट्याच्या दोरीशेजारीच टांगून ठेवलेली बरी. कोणत्याही कारणाने भूल द्यावयाची असेल तरी हेच.

आता खाण्याविषयी. इंदूरचा मनुष्य सकाळी पोह्यांवर शेव घालतो, दुपारी शेव खातो आणि पाहुण्याला निरोप देताना शेवेचीच पुडी बांधतो. त्यामुळे मोतीच्या वाट्याला दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून शेव यावयाची. हृदयविकारात मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. शेव, पापड, लोणचे, फरसाण, चीज हे सारे बंद करणे भाग आहे. कोकणपट्टीच्या वाचकांकडे शेवेऐवजी खारवलेला बांगडा असेल, एवढाच फरक. मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन कुत्र्याला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नये. ह्या विकारात पुढे पुढे अंगावरचे मांस झडू लागते. त्याला अंडे, बिनमिठाचे उकडलेले मटण किंवा कोंबडी असे कसदार अन्न मिळाले पाहिजे. उकडताना कांदा-लसूण घालू नये, ती कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. आणि सुक्या मेव्याच्या पेठेत राहून ही सूचना करणे मला प्राप्तच आहे की, बेदाणे व मनुका, फार काय साधी द्राक्षेही, कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. दुकानापुढे सांडलेले चार बेदाणे लाडाने देणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नसते. त्याला फक्त ठाऊक नसते. एकदा समजावून सांगितल्यावर आमच्या गल्लीतील हमाल आता मोतीला हात दाखवून 'कुछ नहीं है, भाई' असे सांगतात, आणि तो त्यांच्या पायाशी बसतोच.

फिरणे बंद करावे का? नाही. त्याचा तो चालेल तेवढे चालू द्यावे, ओढू नये. खोकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवून ओढले की श्वासनळी दाबली जाते; त्याऐवजी छातीभोवती बांधावयाचा पट्टा घ्यावा. जुन्या पेठांतील घरांचे जिने उंच व अरुंद. तेथे त्याला उचलून न्यावे. माळव्याच्या रात्री कितीही गार असल्या तरी मे महिन्यातील दुपार ही दुपारच असते. पत्र्याच्या माडीवर कुत्रा तापतो, धापा टाकतो, आणि त्या धापांचा भार हृदयावर पडतो. म्हणून फिरणे सूर्य वर येण्यापूर्वी, आणि दुपारी तळमजल्याची गार फरशी. दिवाळीचे फटाके व रंगपंचमीच्या गेरचे ढोल यांच्या दिवसांत आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कोणीतरी त्याच्याजवळ बसावे.

कधी कधी असा कुत्रा आनंदाच्या भरात, घरधनी परत आला म्हणून उड्या मारता मारता, एकाएकी आडवा पडतो. पाहणाऱ्याचे काळीज फाटते. बहुधा ही मूर्च्छा असते व मिनिटभरात तो आपोआप उठतो. तोवर त्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये, तोंडात पाणी ओतू नये. भोवतीची गर्दी हटवून त्याला कुशीवर पडून राहू द्यावे आणि मग डॉक्टरांना कळवावे. पण तो मान लांब करून, तोंड उघडे ठेवून, कोपरे फाकवून बसला असेल, आडवे होताच गुदमरत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर फुप्फुसांत पाणी भरले आहे असे समजून त्याच क्षणी निघावे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे दिवसा विचारून ठेवावे. इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे; ते १९५५ सालापासून चालू आहे. मुंबईकडील वाचकांना परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे १८८६ साली स्थापन झाले, ते ठाऊक असेलच. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालयही जुलै २०२४ मध्ये सुरू झाले आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. तो टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळेची फी, म्हाताऱ्यांची औषधे, बियाणे हे सारे समोर असता कुत्र्याच्या गोळ्यांसाठी दरमहा पैसे काढणे पुष्कळ घरांना अवघड आहे. त्याबद्दल कोणी लाजू नये, आणि ज्याला परवडते त्याला कोणी हसूही नये. माझे मत असे की, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आपली ऐपत मोकळेपणी सांगावी. फ्युरोसेमाइड हे जुने व स्वस्त औषध आहे; पिमोबेंडान त्या मानाने महाग. सोनोग्राफी झाली तर उत्तमच, पण ती झाली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. नळी, क्ष-किरण चित्र आणि घरची श्वासांची वही यांवर चांगला डॉक्टर पुष्कळ काही ठरवू शकतो. एक गोष्ट मात्र करू नये: महिनाभर महागडी औषधे देऊन, जरा बरे दिसताच ती आपणहून बंद करणे. बरे दिसते ते औषधामुळे. ती थांबविली की पाणी पुन्हा भरते, आणि मग दवाखान्यातील एका रात्रीचा खर्च महिन्याच्या गोळ्यांहून अधिक होतो.

आणि शेवटी अशी वेळ येते की, गोळ्या वाढवूनही श्वास खाली येत नाही. तो खातो का, आडवा होऊन झोपतो का, आपल्या पावलांच्या आवाजाला शेपटी हलवितो का, या तीन गोष्टी रोज पाहाव्या. तिन्हींचे उत्तर दिवसामागून दिवस 'नाही' असे येऊ लागले, की डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याला वेदनेवाचून झोपवू शकतात. त्यासंबंधीचे बोलणे संकटाच्या रात्री नव्हे, तर त्याआधीच एखाद्या शांत दिवशी घरात करून ठेवावे आणि ते मुलांपासून लपवू नये, कारण वही त्यांच्याच हाती असते. वाडीत पुरावयाचे असेल तर जागा विहिरीपासून दूर निवडावी व खड्डा खोल घ्यावा. ते औषध मृत देहात तसेच राहते. उकरून खाणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यांना, घारी-गिधाडांना ते मारक ठरते. शहरात महानगरपालिकेकडे आधी चौकशी करून ठेवावी.